तळ दिसला पाहिजे

चहा अंकल बशीतूनच प्यायचे. त्यात नवल काही नाही, वसईकडच्या गासमध्ये त्यांच्या वयाची सगळीच माणसं बशीतून प्यायची. पण हे चहा बशीत ओतून लगेच ओठाला लावत नसत. बशी जराशी कलती करायचे, चहा एका बाजूला गेला की खालची निळी फुलं दिसायची, ती नीट बघून घ्यायचे आणि मगच पहिला घोट. पाणी प्यायला काचेचा पेला. स्टीलच्या तांब्यातून त्यांनी पाणी प्यायलेलं मी कधी पाहिलं नाही. आंघोळीची बादली पांढरी. मी त्यांच्याकडे राहायला आले तेव्हा बाजारातून एक गडद हिरवी बादली आणली होती; ती बघून त्यांचा चेहरा असा झाला की त्यांच्या बायकोने, आन्टीने, संध्याकाळी स्वतःची पांढरी बादली मला वर आणून दिली आणि हिरवी कुठेतरी नाहीशी केली.

"तळ दिसला पाहिजे," अंकल म्हणायचे. यापलीकडे स्पष्टीकरण नाही.

मी त्यांची भाडेकरू. दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षं उलटली असतील. गोखिवऱ्याला कारखान्यांसाठी मोठे वजनकाटे बनवणाऱ्या एका कंपनीत मी नोकरीला लागले होते आणि चिपळूणहून आलेल्या एकट्या मुलीला खोली द्यायला कोणी तयार नव्हतं. या दोघांनी दिली. वाडीतलं कौलारू घर, वर माडीवर माझी खोली, पुढे अंगणात क्रूस, मागे केळी आणि मोगरा, आणि केळीच्या पलीकडे त्यांचं बावखल. बावखल म्हणजे इकडचं वाडीला पाणी देणारं मोठं खोल तळं. त्यावर हिरवं शेवाळ असायचं आणि उन्हाळ्यातही ते आटायचं नाही. आन्टी मोगरा तोडायला रोज तिकडे जायची. अंकल जात नसत. चर्चला जायची जवळची वाट बावखलाच्या कडेने होती. ते रस्त्याने वळसा घालून जायचे आणि मिस्साला दर रविवारी उशिरा पोचायचे.

आयुष्यभर त्यांनी टेलिफोन खात्यात नोकरी केली होती. त्या नोकरीतून एक खोड मागे राहिली होती. कुठलंही यंत्र दिसलं की त्याच्या पाठीवर ते पालथा हात ठेवायचे, आजारी पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. फ्रीज, टीव्ही, पाहुण्याची स्कूटर, कशावरही. मग निदान यायचं. "ताप आहे याला. जरा पडू द्या." आन्टी चटणी वाटत असली तर मिक्सर मध्येच बंद व्हायचा. दुसरा शब्द होता 'झेपेल का?' शिडीला माणूस झेपेल का, केळीला घड झेपेल का. गावात एक लग्न ठरलं तेव्हा पेढे घेऊन आलेल्या मुलीच्या बापालाही त्यांनी हेच विचारलं होतं. तो बराच वेळ पेढ्यांचा खोका हातात धरून उभा राहिला.

माणूस प्रेमळ होता. मला ताप आला तर केळफुलाची भाजी आणि पेज स्वतः वर घेऊन यायचे. पण त्यांच्याशी बोलताना मध्येच असं वाटायचं की त्यांचा एक कान दुसरीकडे लागलाय. कुणीतरी आतल्या खोलीतून हाक मारेल, ती चुकायला नको, असं काहीतरी.

मला कंपनीने लॅपटॉप दिला त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. कारखान्यात जाऊन काटा लॅपटॉपला जोडायचा आणि वजन बरोबर येतंय का ते तपासायचं, एवढ्यासाठी तो होता. रविवार होता. मिस्साहून आल्यावर अंकल माडीचा जिना चढून वर आले. एरवी कारणाशिवाय ते वर येत नसत. लॅपटॉपच्या पाठीवर हात ठेवला.

"बाय, यावर गेम चालेल का?"

"पत्त्यांचा आहे की, अंकल. लावून देऊ?"

"पत्त्यांचा नाही. तो आमच्या पुतण्याकडे आहे तो. बेटावरचा."

पुतण्या शेजारच्या घरात राहायचा, तिशीचा, अंधेरीला जाहिरातींच्या फिल्म करणाऱ्यांकडे कामाला. त्याच्याकडे मोठा कॉम्प्युटर होता आणि नवे गेम खेळायची हौस होती. तो गेम मी ओझरता पाहिला होता. ओसाड बेटावरचं ओसाड गाव, माणूस एकटा फिरतोय, गवताचं पातं न् पातं हलतंय. मी हसले.

"अंकल, हा ऑफिसचा साधा लॅपटॉप. याला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, मेमरी एवढीशी. तो गेम याच्यावर चालणारच नाही."

"चालायला नको," ते म्हणाले. "रांगला तरी पुरे."

"पण पुतण्याकडे इतका छान चालतोय, तिकडेच बघा की."

"छान चालतोय तेच तर," असं म्हणून ते खाटेच्या कडेवर बसले आणि जे सांगितलं ते असं. नाताळात पुतण्याच्या कॉम्प्युटरचं कार्ड बिघडलं. दुरुस्तीला दिलं होतं तेवढे दिवस तो गेम कार्डाशिवाय, कसाबसा चालवून बघत होता. अंकल सहज मागे उभे होते. त्या गावाच्या मागे एक तळं आहे. एरवी त्याचं पाणी नुसतं चमकतं, आभाळ दिसतं त्यात, आत काही दिसत नाही. त्या दिवशी मशीनला पाणी झेपेना. चमक गेली, लाटा गेल्या, आणि तळ्याचा तळ दिसला. क्षणभरच, पुतण्याने कंटाळून बंद केलं. मग कार्ड दुरुस्त होऊन आलं आणि पाणी पुन्हा मिटलं.

"काय होतं तळाशी?"

"ते बघायचंय," अंकल म्हणाले.

पुतण्याकडून सीडी आणल्या. गेम भरायला घेतल्याबरोबर लॅपटॉपने इंग्रजीत सूचना दिली की हे यंत्र किमान गरजेलाही पुरं पडत नाही. अंकलनी विचारलं, काय म्हणतोय. मी म्हटलं, नाही म्हणतोय. "सगळे आधी नाहीच म्हणतात," ते म्हणाले.

पहिल्यांदा पडदा काळाच राहिला. मग मी सेटिंग्जमध्ये जाऊन एकेक गोष्ट काढत गेले. सावल्या काढल्या, गवत काढलं, धुकं काढलं, शेवटी पाण्याची चमक काढली. तेव्हा बेट उभं राहिलं. पण कसं! झाडं म्हणजे हिरवे पुठ्ठे. घरांना भिंती होत्या पण भिंतींवर काही नव्हतं, दारंखिडक्या आपण अगदी जवळ गेल्यावर उमटायच्या. आपण जवळ आलो हे कळल्यावर घराने डोळे उघडावेत तसं वाटायचं. चालणं म्हणजे एकामागून एक फोटो. आवाज तुटत होता, वाऱ्याची घरघर झाली होती. आणि पावलांचा आवाज पावलांच्या मागून यायचा. मी बटण सोडून थांबले तरी पावलं जरा वेळ वाजत राहायची आणि मग थांबायची.

"मशीन मागे पडतंय म्हणून," मी सांगितलं. खरं म्हणजे मी स्वतःलाच सांगितलं. बाहेर लख्ख ऊन होतं, खाली आन्टी मासे तळत होती, आणि माझ्या मानेवर काटा उभा होता.

तळ्यापाशी पोचलो. पाणी म्हणजे राखाडी रंगाची सपाट काच, आरपार. खाली तळ. आणि एका कडेने तळापर्यंत उतरत गेलेल्या काळ्या दगडाच्या पायऱ्या.

अंकल खाटेवरून पुढे वाकले.

"ते काय आहे?" त्यांनी विचारलं.

खालच्या पायऱ्यांपैकी एकीवर काहीतरी फिकट होतं. चार-दोन चौकोनी ठिपक्यांचं, लहानसं, उभं. मी म्हटलं, चित्र नीट उतरलेलं नाही, मशीनला ते काढायला जमत नसेल. ते म्हणाले, "पाठमोरी आहे." मला तशी पाठ वगैरे काही दिसत नव्हती. आणि मग त्यांनी म्हटल्यावर दिसली.

तेवढ्यात लॅपटॉपचा पंखा करकरायला लागला आणि तो आपोआप बंद पडला. अंकलनी पाठीवर हात ठेवून लगेच काढून घेतला.

त्यानंतर दर रविवारी दुपारी ते वर यायचे. गेममध्ये खजिना होता, शत्रू होते, त्यांना त्यातलं काही नको होतं. बेटावर उतरायचं, गावातून जायचं, तळ्याच्या काठी उभं राहायचं आणि लॅपटॉप तापून बंद पडेपर्यंत बघत राहायचं. एकदा म्हणाले, "मागच्या खेपेला एक पायरी वर होती." मी म्हटलं, तसं नाही होत अंकल, गेममध्ये जे असतं ते तिथेच असतं. पण पुढच्या रविवारी मी स्वतः नीट लक्ष ठेवलं, आणि त्याच्या पुढच्या रविवारीही, आणि मग मी तसं म्हणायचं सोडून दिलं.

एका सोमवारी कामावरून येताना मी पुतण्याच्या घरी गेले. म्हटलं, तुझ्या मशीनवर पाण्याची चमक काढून ते तळं दाखव ना. त्याने लगेच दाखवलं. पाणी आरपार झालं. खाली मातकट रंगाची नुसती खोलगट वाटी होती.

"पायऱ्या कुठेत?"

"कसल्या पायऱ्या? अगं, ते तळं डेकोरेशन आहे. त्यात उतरताच येत नाही. पायऱ्या कशाला बनवतील?" मग तो खुर्ची वळवून माझ्याकडे बघायला लागला. "काका काय बघतात गं तिकडे?"

मी काहीतरी बोलून निघाले. गेम तोच, सीडीही त्याच. शेजारचंच घर, पण अंधार व्हायच्या आत पोचावं म्हणून मी अक्षरशः धावले.

आन्टी पडवीत मोगऱ्याचे गजरे करत बसली होती. अंकल बाजूला. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं की पुतण्याच्या मशीनवर पायऱ्या नाहीत. आन्टीचा हात थांबला.

"पायऱ्या?" ती म्हणाली. तिला रविवारच्या दुपारी आम्ही वर काय बघतो ते माहीत नव्हतं.

मग अंकल बोलले. इतक्या वर्षांच्या संसारात आन्टीनेही ते असं सगळं एकसलग ऐकलेलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

ते सात-आठ वर्षांचे असताना त्यांची धाकटी बहीण बावखलात बुडाली. मे महिना होता, मोठी माणसं वाडीच्या दुसऱ्या टोकाला होती, दोघं मुलं काठावर रहाटापाशी खेळत होती. "ती पडली नाही," ते म्हणाले. "पायऱ्या होत्या. पाणी त्या दिवशी असं निवळ होतं की तळ दिसत होता. ती मला म्हणाली, तू इथंच थांब हां. आणि उतरत गेली. पाणी गुडघ्याला आलं, गळ्याला आलं, डोक्यावरून गेलं, तरी ती उतरतच होती. मला दिसत होती. मागे वळून बघितलं नाही तिने. मी थांबलो. ती थांब म्हणाली होती ना."

मोठ्यांना त्यांनी हेच सांगितलं. आई म्हणाली, कसल्या पायऱ्या? आपल्या बावखलाला पायऱ्या नाहीत. तूच ढकललंस तिला. वडील काहीच बोलले नाहीत. पुढे बऱ्याच दिवसांनी काठावर जाऊन बघितलं तर खरंच पायऱ्या नव्हत्या, दगडमातीचा बांध होता.

"मग मलाही वाटायला लागलं," अंकल म्हणाले, "मीच ढकललं असेल. लहान पोराला कुठे नीट आठवतं?"

आन्टीने सुईत ओवलेलं फूल तसंच ठेवून दिलं. रात्री जेवण झाल्यावर मला जिन्यात गाठून म्हणाली, "बाय, त्यांना त्या पाण्याकडे परत नको नेऊ गं." मी हो म्हटलं. पण रविवारी अंकल वर आले तेव्हा मला नाही म्हणवलं नाही, आणि थोड्या वेळाने बघते तर आन्टीही जिना चढून येऊन दारात उभी.

तो शेवटचा रविवार. बेट नेहमीपेक्षा हळू हललं. पावलांचा आवाज मागून येत होता, तोही बंद झाला. तळ्याशी गेलो तेव्हा ते फिकट लहानसं काही अगदी शेवटच्या पायरीवर होतं. मी बटणांवरून हात काढून घेतला होता. तरीही पडद्यावरचं दृश्य थोडं पुढे सरकलं. आणखी थोडं. मग ते फिकट वळलं.

चेहरा वगैरे काही नव्हता. चार ठिपक्यांना काय चेहरा असणार? पण पाठ होती ती आता पाठ नव्हती, हे आम्हा तिघांना एकदमच कळलं. दारातून आन्टीने येशूला हाक मारली, "जेजू!" चित्र तिथेच गोठलं. बटणं दाबून काही होईना. पंख्याचा आवाजही नव्हता. अंकलनी लॅपटॉपच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"गार आहे," ते म्हणाले.

मग पडदा विझला तो कायमचा. कंपनीतल्या माणसाने उघडून बघितला, आतला मुख्य बोर्ड गेला म्हणाला, आणि मला दुसरा दिला. त्या दुसऱ्यावर तो गेम भरून बघायची मला कधी इच्छा झाली नाही आणि अंकलनीही विचारलं नाही.

त्याच आठवड्यात त्यांनी पुतण्याला बोलावून सांगितलं, बावखल उपसायचं. पुतण्या खूश झाला. बावखल बुजवून तिथे बंगला बांधावा हे तो कधीपासून म्हणत होता, त्याला वाटलं काका तयार झाले. दोन मोठे पंप लावले. पाणी केळीच्या पाटांतून, तिथून गटारात आणि रस्त्यापर्यंत वाहत होतं. गाळाचा वास माडीपर्यंत यायचा. आतून झरे होते, त्यामुळे उपसलेलं निम्मं परत भरायचं, तरी पाणी हटत हटत गेलं. अंकल पडवीतून उठत नव्हते. पाणी तळाला गेल्यावर त्यांनी माणसांना निरोप पाठवला की रहाटाच्या बाजूचा बांध फोडा.

दगड निघाले, माती निघाली. दुपार कलताना एका माणसाने हाक मारली. आम्ही सगळे धावलो. बांधाच्या मागे काळ्या घडीव दगडाच्या पायऱ्या होत्या, वरपासून पार तळापर्यंत. धार शाबूत, टाकीचे घाव अजून दिसत होते. फारशा वापरल्याच गेल्या नव्हत्या.

अंकल घरातून निघाले आणि जवळच्या वाटेने, कडेकडेने चालत आले. कुणाशी बोलले नाहीत. वहाणा काठावर काढल्या आणि उतरायला लागले. पुतण्या त्यांना धरायला पुढे झाला, आन्टीने त्याचा हात धरून मागे ओढला. शेवटच्या पायरीवर जाऊन अंकल बसले. झऱ्यांचं पाणी त्यांच्या पावलांपर्यंत परत आलं होतं.

"पायऱ्या अंकलच्या वडिलांनीच बांधल्या असणार," मी आन्टीला हळू म्हटलं.

"आणि त्यांनीच बुजवल्या. आपण बांधलेल्या पायऱ्यांवरून पोर उतरून गेली, सोसलं नसेल माणसाला."

"पण अंकलच्या आईला तर माहीत असेल ना?"

"नसायला काय झालं?" आन्टी खाली बघत म्हणाली. "नवऱ्याला बोलता येत नव्हतं. मुलाला बोलता येतं." मग जरा थांबून म्हणाली, "दर ईस्टरच्या आधी कुमसारला जातात ना, तिथे वर्षानुवर्षं फादरना हे एकच पाप सांगत आले. बहिणीला ढकललं म्हणून. मला लग्नानंतर सांगितलं होतं. मीही म्हटलं, बरं, देव माफ करेल."

खाली अंकल काहीतरी बोलत होते. त्यांच्या घरच्या बोलीत, हळू, मला समजत नव्हतं. पाणी त्यांच्या घोट्यावर आलं. पुतण्याला राहवेना, त्याने हाक मारली, "काका, या आता वर, पाणी भरतंय!" ते उठले नाहीत. पायरीच्या मधोमध बसले होते ते थोडे बाजूला सरकले, बाकावर दुसऱ्याला जागा करून देतात तसे.

"काय म्हणाले?" मी आन्टीला विचारलं.

"म्हणाले, चल. आई काही बोलायची नाही."

सूर्य केळीच्या मागे गेला होता. अंकल उठले आणि चढायला लागले. त्यांचा डावा हात जरा खाली, शरीरापासून किंचित लांब. त्यांचे गुडघे धड होते, एरवी पडवीच्या पायऱ्या ते भराभर चढायचे. इथे प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून थांबत होते आणि मग पुढची घेत होते.

काठावर वाट अरुंद होती. ते वर आले तेव्हा आन्टी त्यांना जायला बाजूला झाली. अंकल तिच्यासमोरून गेले, वहाणा न घालताच घराकडे वळले. आन्टी तशीच बाजूला उभी राहिली. आणखी कुणाला जायचं असावं तशी ती थोडा वेळ थांबली, आणि मग वाटेवर आली.